उजवा नाय तो

कोपर गावाला नाव हाताच्या कोपराचं, पण गावाची कीर्ती गुडघ्यांची. डोंबिवली पश्चिमेच्या या टोकाला टॉवरांच्या सावलीत अजून काही जुनी आगरी घरं उभी आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक घरात एक तरी माणूस असा आहे की जो कबड्डीत नाहीतर दिव्याखालच्या टेनिस क्रिकेटात पडला. पूर्वी पडलेल्याच्या गुडघ्यावर हळद आणि चुना लागायचा. आता एमआरआय निघतो. ती भली मोठी काळी फिल्म गोदरेजच्या कपाटावर, लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवली जाते आणि पाहुण्यांना चहानंतर दाखवली जाते. अल्बम बघायला आताशा कोणी मागत नाही.

या विषयातला गावचा अधिकारी पुरुष म्हणजे चिराग. सीमारेषेवर झेल घेताना त्याचा लिगामेंट पुरता तुटला होता. ग्रेड थ्री. ऑपरेशन होऊन तो नीट चालू लागला त्यालाही आता बरेच दिवस झाले, पण मान राहिला तो राहिलाच. कोणाचीही फिल्म आली की ती आधी चिरागकडे जायची. तो ती ट्यूबलाइटसमोर धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "हम्म." मशीन किती टेस्लाचं, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं, हा त्याचा पहिला प्रश्न. दीड टेस्लावाल्यांना तो हळहळून धीर द्यायचा. तीन टेस्लावाल्यांना खुर्ची द्यायचा.

अशा गावात तुळसाचा गुडघा दुखावला, तोही नेमका नवऱ्याच्या उत्तरकार्याच्या दिवशी.

तुळसाचा नवरा धाकू गायकर. पण धाकू हे नाव फक्त सातबाऱ्याला आणि पोस्टमनला माहीत. गाव त्याला डावऱ्या म्हणायचं, कारण तो सगळं डाव्या हातानं करायचा, आणि कबड्डीत संघाचा डावा कोपराही तोच सांभाळायचा. पुढे जमिनीला भाव आला, तसा डावऱ्याचा डावरेशेठ झाला. गेला तेव्हा चौकात बॅनर लागला तोही 'डावरेशेठ यांना भावपूर्ण श्रद्धांजली' असाच. धाकू हे खाली बारीक अक्षरात.

लग्न होऊन तुळसा या घरात आली, तेव्हा सासूने, दगडाबाईने, तिला चुलीपुढे बसवून एक गोष्ट सांगितली होती. "नवऱ्याचा नाव तोंडानं घेतला का त्याचा आयुष्य कमी होतं. आख्खा नाव नाय, नं तुकडाबी नाय." तुळसाने हे इतकं मनावर घेतलं की तिच्या बोलण्यातून 'धाकटा' गेला आणि 'लहाना' आला. तो एक शब्द गेल्याने फारसं बिघडलं नाही. पण 'डावा'ही गेला, आणि तिथे मात्र अर्धं जग बिननावाचं झालं. तुळसासाठी दिशा दोनच उरल्या, उजवी आणि उजवी नाय ती. एकदा डोंबिवली स्टेशनवरून येताना प्रत्येक नाक्यावर ती रिक्षावाल्याला सांगत राहिली, "उजवीकडं नको वलू." तो बिचारा कुठेच वळला नाही. सरळ खाडीवर जाऊन थांबला.

घराला सवय झाली होती. शाळेत जाईपर्यंत तिच्या मुलीची, कल्पिताची, समजूत होती की हातांची नावं दोनच असतात, उजवा आणि दुसरा. बालवाडीत तिला दुसऱ्याचं खरं नाव शिकवलं, तेव्हा ती घरी धावत आली आणि ओटीवरून ओरडली, "बाबा, डावा!" बाबांना हसताना ठसका लागला होता. आई मागच्या दारी निघून गेली होती. कल्पिताला बाबांचं ते हसणं अजून जसंच्या तसं ऐकू यायचं. आईच्या जाण्याकडे तिने त्या वेळी लक्ष दिलं नव्हतं.

कल्पिता आता नौपाड्यात राहायची आणि ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. मृत्यूवर चांगली म्हणून जी पुस्तकं असतात ती तिने वेळच्या वेळी वाचलेली होती. बाबा गेल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही. ती दर रविवारी कोपरला जायची, बाबांचे शर्ट उन्हात टाकायची आणि संध्याकाळी घड्या करून परत कपाटात ठेवायची. कोणी काही विचारायचं नाही.

तर उत्तरकार्याच्या दिवशी मांडवाच्या दोरीत पाय अडकून तुळसा पडली, आणि गुडघा टम्म सुजला. खरं सांगायचं तर या गुडघ्याने पुष्कळांची सोय केली. भेटायला येणाऱ्यांना 'डावरेशेठ गेले, वाईट झालं' याच्यापुढे बोलायला काही नसायचं. मग पंख्याकडे बघत बसायला लागायचं. आता विषय मिळाला. माणसं मोकळी झाली. कोणी शेक सांगितला, कोणी बर्फ. एका मामांनी तर चहा संपायच्या आत आपले दोन्ही पाय वर घेऊन ऑपरेशनच्या खुणा दाखवल्या.

तुळसाचा मुलगा केतन हा कल्पिताहून लहान, घरातला शेवटचा. वडील गेल्यापासून काहीतरी मोठं करायला तो शोधतच होता. गुडघ्याला बाशिंग बांधून बसणं म्हणतात ते या खेपेला अक्षरशः झालं. डोंबिवलीचे डॉक्टर त्याने मनातल्या मनातच रद्द केले आणि आईला गाडीत घालून नौपाड्यात डॉ. हर्षितकडे नेलं. त्या दिवशी कल्पिता ग्रंथालयात होती.

दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी श्रिया नावाची मुलगी टॅबलेट घेऊन बसलेली. केतनने आईचं पूर्ण नाव सांगितलं आणि गाडी नीट लावायला गेला. श्रियाने मान वर न करता विचारलं, "कुठला गुडघा, मावशी?"

"उजवा नाय तो," तुळसा म्हणाली.

पहिला शब्द ऐकताच श्रियाचं बोट 'उजवा' या चौकटीवर टेकलं होतं. पुढचे दोन शब्द हवेत आले आणि हवेतच गेले.

आत डॉ. हर्षित चाकांच्या खुर्चीत होते. टेबलापासून संगणकापर्यंत, संगणकापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत ते खुर्चीनिशीच प्रवास करत. त्यांनी पडद्यावर पाहिलं. "उजवा गुडघा. एमआरआय करून या. फोटो पाहिल्याशिवाय मी बोलत नाही."

घरी येऊन केतनने बहिणीला फोनवर हे सगळं अभिमानाने सांगितलं.

"हात लावून पाहिला का गुडघा?" कल्पिताने विचारलं.

"ताई, मोठा डॉक्टर आहे तो. हात नाय लावत."

एमआरआयला मात्र कल्पिता आईबरोबर गेली. चिठ्ठीवर 'राइट नी' लिहिलेलं तिने दोनदा वाचलं. पुस्तकाच्या पाठीवर एक आकडा चुकला तरी जिचा दिवस खराब जातो, अशी ही बाई. तिने स्पेलिंग तपासलं, तारीख तपासली आणि चिठ्ठी बरोबर आहे असं स्वतःला सांगितलं. आई शेजारी लंगडत होती. पण लंगडणाऱ्या माणसाचा पाय कोण बघतं? आपण चेहरा बघतो.

"अंगावर धातूचं काही, मावशी?" तिथल्या मुलाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी?"

"काढला सगला," तुळसा म्हणाली.

"अरे वा. घरूनच तयारीनं आलात."

कल्पिताने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

बाहेर आल्यावर आईने एकच शेरा मारला. "आत कोणाची हलद हाय काय गं? कवरा तो डीजे."

रिपोर्ट आला. केतनने तो डॉक्टरांना पाठवला, डॉक्टरांनी खुर्चीतूनच निरोप दिला. आतला लिगामेंट अर्धवट फाटलाय, ग्रेड टू, दुर्बिणीतून करून टाकू, गुरुवार मोकळा आहे. विम्याकडून मंजुरीही दुसऱ्या दिवशी आली. एवढ्या वेगाने या घरात कधी वीजसुद्धा परत आली नव्हती.

रविवारी कल्पिता कोपरला पोचली, तेव्हा ओटीवर चिरागने फिल्म ट्यूबलाइटपुढे धरलेली होती आणि चारपाच डोकी तिच्यामागे जमली होती.

"तीन टेस्ला," चिराग म्हणाला. सगळ्यांनी तुळसाकडे आदराने पाहिलं. "ग्रेड टू आहे काकी. माझ्याएवढं नाय, पण चांगलं आहे."

"आणि ह्या दुसऱ्या लिगामेंटला काय लिहिलंय बघ," केतन रिपोर्ट वाचत म्हणाला. "अनरिमार्केबल. म्हणजे काय रे?"

"म्हणजे दखल घेण्यासारखा नाय."

"असं कसं लिहितात? पैसे दिलेत आपण."

कल्पिताने त्याच्या हातून कागद घेतला. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'. "याचा अर्थ," ती म्हणाली, "रोग्याला तपासा आणि मग हे त्याच्याशी ताडून बघा."

"ते सगळ्यांच्याच रिपोर्टात असतं, ताई," चिराग म्हणाला. "पत्राच्या खाली 'आपला नम्र' असतं ना, तसं."

माणसं पांगली. कल्पिताने बाबांचे शर्ट दोरीवर टाकले आणि आत आली. आई भिंतीला टेकून, पाय पसरून, गुडघ्याला खोबरेल चोळत होती. कल्पिता बघत राहिली. आईचा हात ज्या गुडघ्यावर फिरत होता, तो डावा होता. सूजही त्याच्यावरच होती.

"आये, दुखतो कुठला गं?"

"ह्यो."

"आणि मशीनमध्ये घातला तो?"

"तो." तुळसाने उजव्याकडे हनुवटी केली, जसं काही शेजारचं पोर दाखवतेय.

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगला. उजवा नाय तो, असा सांगला. तरी त्यांनी उजवाच घेतला. मना वाटला, मापाला घेतान."

"कसल्या मापाला?"

"शिंप्याकडं नवा झंपर टाकताना बरा बसलेला जुना नेतो नं? तसा. चांगल्या गुरघ्याचा माप घेतील, नं त्याच्यावरून ह्यो नीट करतील." तिने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. "शिकलेली मानसा हाईत. काहीतरी इचार करूनच घेतला असंल."

कल्पिता हसायला लागली. बाबा गेल्यापासून ती हसली नव्हती, त्यामुळे ते हसणं कुठे थांबवायचं हे तिला आठवेना. पदराने डोळे पुसता पुसता तिला गुरुवार आठवला, आणि मग ते आपोआप थांबलं.

तिने केतनला आत बोलावलं.

"ताई, तीन टेस्लाचं मशीन खोटं बोलेल का?" केतन म्हणाला.

"मशीन खरंच बोललंय. पण त्याला चुकीच्या पायाबद्दल विचारलं होतं."

"पण उजव्यात फाटलाय ना? रिपोर्टात आहे ना? मग फाटलाय. आईला कळत नसेल."

"सूज बघ. हात लावून बघ."

केतनने हात लावला नाही. त्याने दारातूनच चिरागला हाक मारली. चिराग आला, दोन्ही गुडघे लांबूनच न्याहाळले आणि म्हणाला, "पेन शिफ्ट झालं असेल. होतं असं. माझं कमरेत गेलेलं."

"अक्कल गुरघ्यात असती," तुळसा कोणाकडेही न बघता म्हणाली, "तं निदान रिपोर्टात तरी आली असती."

चिराग हसला. केतन नाही हसला. "आई, मंजुरी उजव्याची आलीये. आता मधेच डावा काढला तर सगळं परत पहिल्यापासून. लोक काय म्हणतील, डावरेशेठच्या बायकोचा गुडघा यांना सापडेना?" बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला आणि तो बाहेर ओटीवर जाऊन उभा राहिला. कल्पिताच्या तेव्हा लक्षात आलं की भावाला बाबांसाठी काही करता आलं नव्हतं. ते झोपेतच गेले होते. आता हा गुडघा त्याला हातचा जाऊ द्यायचा नव्हता, मग तो कुठला का असेना.

सोमवारी तिने दवाखान्यात फोन लावला. श्रिया गोड बोलली. "मॅडम, पेशंटनी स्वतः उजवा सांगितलाय, सिस्टिमला आहे. बदलायचा तर पेशंटनीच येऊन सांगायला लागेल. आवाजात नोंद लागते. नातेवाइकांचं नाही चालत. मागे एका आजोबांचा मुलाने एक गुडघा सांगितला आणि सुनेने दुसरा."

"मग कुठला केलात?"

"दोन्ही," श्रिया म्हणाली.

मग डॉक्टर फोनवर आले. त्यांनी शांतपणे समजावलं की उजवा लिगामेंट फाटल्यामुळे सगळा भार डाव्यावर येतो, म्हणून डावा दुखतो. म्हणजे दुखतो तो निरोगी, आणि दुखत नाही तो आजारी. कल्पिताने आयुष्यात पुष्कळ अवघड ग्रंथ वाचले होते, पण इतकं स्वच्छ तर्कशास्त्र तिच्या वाचनात आलं नव्हतं. विम्याचं बघणारा माणूस त्याहून व्यवहारी निघाला. त्याचं म्हणणं, मंजुरी आलीच आहे तर आधी उजवा करून घ्या, डाव्याचं सावकाश बघू.

आईला तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तुळसा तांदूळ निवडत होती.

"रोग रेड्याला नं औषध पखालीला," ती म्हणाली.

"आये, बुधवारी आपण जाऊ. तुला तिथे फक्त एक शब्द बोलायचाय. बाकी मी बघते."

तुळसाचा हात ताटातच थांबला. कुठला शब्द, हे तिने विचारलं नाही. कल्पितानेही सांगितला नाही.

"त्यांना उजवाच करूदे," तुळसा शेवटी म्हणाली.

"आये, चांगला पाय आहे तो."

"असूदे. दोन्ही माझंच हाईत."

कल्पिताला म्हणायचं होतं की बाबा आता नाहीत, आता कोणाचं आयुष्य कमी व्हायचं राहिलेलं नाही. वाक्य तिच्याकडे तयार होतं, व्याकरणाने निर्दोष. ते तोंडातून निघालं नाही. तिने पुढ्यातलं ताट आपल्याकडे ओढलं आणि राहिलेले तांदूळ निवडून दिले.

बुधवारी मात्र आई न सांगता तयार होऊन बसली होती. केतन आला नाही. त्याने गाडी बुक करून दिली आणि 'तुमचं तुम्ही बघा' असं सांगून तो कामावर गेला.

दवाखान्यात गर्दी होती. प्रत्येकाच्या मांडीवर त्याची त्याची काळी फिल्म, वरातीतल्या आहेरासारखी. श्रियाने टॅबलेटवर एक लाल ठिपका सुरू केला. "नाव सांगा, मावशी. पूर्ण. पतीच्या नावासकट."

तुळसाने कल्पिताकडे पाहिलं.

"तुळसा धाकू गायकर," कल्पिता म्हणाली. "चालेल ना मी सांगितलेलं?"

"नाव चालेल. गुडघा मात्र त्यांनीच सांगायचा. मावशी, कुठला गुडघा?"

"ह्यो." तुळसाने बोट ठेवलं.

"बोट रेकॉर्ड होत नाही, मावशी. तोंडाने सांगा."

"उजवा नाय तो."

श्रियाने पडद्याकडे पाहिलं. "ते उजवा घेतंय. पुढचं घेत नाहीये. त्याच्यात दोनच शब्द आहेत. त्यातला एक सांगा."

"नाय तो म्हणजे दुसरा नं?"

"दुसरा असा ऑप्शन नाहीये."

रांगेत कोणीतरी हसलं. आतून खुर्चीची चाकं वाजली आणि डॉ. हर्षित खुर्चीनिशी दारात आले. "काय अडलंय?"

"सर, पेशंटना डावा-उजवा कळत नाहीये."

तुळसा ताठ झाली. "कलतंय मना," ती म्हणाली. मग कल्पिताकडे वळली आणि घरात झोपलेलं कोणी उठू नये म्हणून बोलावं तशा आवाजात बोलली. "मानूस गेल्यावं नाव घेतला तं चालतं बोलतान."

"हो, आये."

"म्हनून तं घेत नव्हते."

आईने डोक्यावर पदर घेतला, दारात थोरला दीर आला की घ्यायची तसा. गुडघ्यावर हात ठेवला.

"डावा," ती म्हणाली.

"आवाज नाही आला, मावशी. जरा मोठ्याने."

कल्पिता समोरच्या भिंतीवरची पाटी वाचू लागली. चपला बाहेर काढाव्यात, असं त्यावर लिहिलं होतं. 'काढाव्यात'मधला 'व्या' नीट छापलेला नव्हता. तिने ती परत वाचली.

"डावा," तुळसा मोठ्याने म्हणाली. सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं. फिल्मवाली माणसं वळून बघू लागली, आणि का बघतोय ते न कळून पुन्हा खाली बघू लागली.

"झालं," श्रिया म्हणाली. पडद्यावर हिरवी खूण आली.

आणि मग एक गोष्ट घडली, जी श्रिया पुढे दोनतीन दिवस सगळ्यांना सांगत होती. डॉ. हर्षित खुर्चीतून उठले. कदाचित म्हातारीच्या चेहऱ्यात त्यांना काहीतरी दिसलं असेल, कदाचित गुडघा एवढ्या जवळ आला होता की खुर्चीतून दिसेना. त्यांनी वाकून डावा गुडघा दोन्ही हातांत धरला, आतल्या बाजूला अंगठा दाबला.

"इथे?"

"स्स. तितंच."

मग उजवा धरला, वाकवला, ओढून पाहिला. "इथे काय होतं?"

"गुदगुल्या."

डॉक्टरांनी उजवा अलगद सोडला. मग म्हणाले, "डाव्याचा आतल्या बाजूचा लिगामेंट ताणलाय. पट्टा लावा, जपून चाला, बसेल हळूहळू. कापायला नको काही." उजव्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि हा पूर्वी कधी दुखावला होता?"

"लई वर्सं झाली. भाताच्या खाचरात परले होते. त्यावक्ती हे मना उचलून घरी आनत होते, नं सासू आरडत होती का उतरव खाली, लोक बगतान." तिला हसू फुटलं. "फाटलाय ते मना म्हाइतबी नव्हता."

"मग त्यालाही सांगू नका," डॉ. हर्षित म्हणाले. ते खुर्चीत परत बसले. बसल्याबरोबर त्यांचा हात सवयीने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. "तरी एकदा डाव्याचा एमआरआय करून—"

"नको," तुळसा म्हणाली. "माप एकदा झालाय."

गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द करताना श्रियाला कारण भरायचं होतं. यादीत 'गुडघा चुकला' असं कारण नव्हतं, म्हणून तिने 'पेशंटने मत बदलले' हे निवडलं.

गाडी जाण्यापुरतीच होती; परतताना लोकलने डोंबिवलीला पोचल्यावर कल्पिताने स्टेशनबाहेर रिक्षा केली. रिक्षावाला कोवळा पोरगा होता, कोपरला नवा. रिक्षा कोपरच्या चौकात आली, तर डावरेशेठचा बॅनर उतरला होता आणि तिथे कोणाच्या तरी वाढदिवसाचा लागला होता. केक भरवणाऱ्या हातांच्या मागे जुन्या बॅनरची एक काठी तेवढी उरली होती.

"कुठे घेऊ, मावशी?" पोराने विचारलं. "उजवीकडे का?"

घर उजवीकडेच होतं. कल्पिता तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढे झुकली.

"डावीकडं घे, बाला."

रिक्षा डावीकडे वळली. गल्ली संपल्यावर तुळसा म्हणाली, "आता परत डावीकडं." रिक्षा पुन्हा वळली. देवळामागून जाताना तिने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, जरा सावकाश, शब्दाच्या दोन्ही अक्षरांना जागा देऊन. कल्पिता रिक्षाच्या दांडीला धरून बाहेर बघत बसली.

"मावशी," रिक्षावाला म्हणाला, "आपण फिरून त्याच चौकात आलो."

"हा," तुळसा म्हणाली. "आता डावीकडं."